नऊ मामंजी

अगं मनू, ये, अशी जवळ सरक. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, पदर खोचलेला आणि तोंडात ‘आजी, गाडी चुकेल हं’, ही काय यायची रीत झाली? डोंबिवलीहून कल्याणला यायला आगगाडीला पानाचा विडा चघळून होईस्तोवरचाही वेळ लागत नाही, आणि तू वर्षातून दोनदा येतेस, तीही निम्मी उभ्यानेच. गेल्या खेपेला विचारलंस, ‘आजी, तुला ही वेडीविद्री चित्रं काढायला शिकवलं कुणी?’ आणि मी तोंड उघडेपर्यंत पायऱ्या उतरून गेलीससुद्धा. म्हणून आता लिहून पाठवते आहे. निदान वाचताना तरी खाली बस. मांडी घालून बस. मांडीचं एवढं काय, ते पुढे कळेलच तुला.

शिकवलं कुणीच नाही. माझं माहेर ठाण्याचं, तळ्याच्या जवळचं. आई सकाळी अंगण सारवून आत गेली की रांगोळीची वाटी माझ्याकडे. इतर मुलींची कमळं होत, माझीही होत. पण गौरीचं तोंड काढायला बसले की ते गौरीचं होतच नसे. आमच्या समोर एक सोनार राहायचा, त्याच्या नाकाला मध्येच एक उंचवटा होता, जणू नाकाने वाटेत बसायला ओटा बांधलाय. एका सणाला गौरीच्या तोंडावर ते नाक आलं. मी मुद्दाम केलं नव्हतं, हात गेला. आईने पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला, पण पुसण्याआधी शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवलं, आणि मग दोघी पदर तोंडाला लावून मागीलदारी गेल्या. त्या दिवशी मला कळलं की नाक साधलं की माणूस हाती लागतो. पुढे दोनतीन वर्षं मी नुसती नाकंच काढली. सगळी बाजूने, आणि सगळी डाव्या हाताला तोंड केलेली. उजव्या हाताने काढणाऱ्याला तीच सोपी जातात. समोरून बघणारं तोंड मला येत नव्हतं, हात येत नव्हते, आणि बसलेला माणूस तर अजिबात नाही.

मग मी इथे, कल्याणला, सासरी आले. माणसं मोजकी. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सासूबाई, आणि माझ्याच वयाच्या माझ्या नणंद, ठकूवन्सं, त्या सणावाराला माहेरी यायच्या. तुझे आजोबा ठाण्याला शिकायला, ते शनिवारी येत आणि सोमवारी जात, तेव्हा त्यांचा या गोष्टीत फारसा उपयोग नाही. घर आवाजांनी ओळखीचं झालं मला. पहाटे रहाटाचा करकराट, मग जातं, मग मागल्या पडवीत भाताचं कांडण, आणि बरोबर दुपारी मामंजींचा कढीचा भुरका. तो भुरका म्हणजे, मनू, काय सांगू! ओंजळीत कढी घेऊन ते अशी ओढत की मागीलदारच्या गोठ्यातली गाय मान वर करी. सासूबाई चुलीशी बसलेल्या असत, भुरका ऐकू आला की लाकडं मागे ओढत. कढी उतरली, म्हणजे आता ताकभात, म्हणजे आता आपण बायका बसणार. आमच्या घरात दुपार त्या आवाजावर चाले.

माझा कोळसा मी कोठीच्या खोलीच्या दारामागे चालवत असे. दार उघडं असलं की चित्र भिंतीकडे, कुणाला दिसत नसे. पण माणसाला जागा पुरत नाही. एकदा अंगणात तुळशीमागे आमच्या भटजींचं नाक काढलं आणि पुसायला विसरले; नेमके भटजीच पूजेला आले आणि त्यांनी स्वतःच्या नाकाला प्रदक्षिणा घातली. मामंजींनी ते पाहिलं. ते माझ्याशी थेट बोलत नसत, तेव्हा दाराआडून सासूबाईंना म्हणाले, ‘‘सुनेला सांगा, या घरात माणसांची टवाळी चालायची नाही. पुन्हा दिसलं तर ठाण्याची गाडी रोज असते.’’ मला तेव्हा बारावं सरलं असेल नसेल. माहेरी परत पोचवलेली मुलगी म्हणजे काय, ते आमच्याच आळीत एक घर सोडून मी रोज बघत होते. ती खिडकीत बसे आणि कुणी आलं की उठून आत जाई. तेव्हापासून कोळसा फक्त दारामागे.

पण दारामागे राहून मी काही थांबले नाही, उलट लोभ वाढला. उभा माणूस जमला. मग मनाने घेतलं, बसलेला काढायचा. मांडी घातलेल्या माणसाचे पाय चित्रात कसे बसतात, हे तू कधी बघितलंयस? मी काढला की तो घागरीत अडकल्यासारखा दिसे. म्हणून मी मामंजींना जेवताना बघायला लागले. मला वाढायचं काम असे, आणि वाढून झालं की स्वयंपाकघराच्या दाराआड उभं राहून काय हवं-नको बघायचं, म्हणजे बघत राहणं हेच माझं काम. आणि त्यांचं जेवण हे बघण्यासारखंच होतं. आधी ताठ बसणार, शेंडीची गाठ पक्की, चित्राहुती, आपोशन. भातात बोटाने आळं करणार, त्यात वरण, त्यावर तूप, आणि तूप आळ्याच्या कडेपर्यंत पोचेस्तोवर हात आखडणार नाहीत. पहिल्या घासाला डोळे मिटलेले. मग शेवग्याच्या शेंगा. एकेक तुकडा चोखून ताटाच्या कडेला असा रचायचे की कुंपण घालतायत. चावताना शेंडी हले, हलता हलता गाठ सैल होई, आणि ताकभाताला येईपर्यंत शेंडी मोकळी होऊन मानेवर आलेली असे. शेवटी बोटं चाटणं, करंगळीपासून सुरू. वर्षभर बघितलं मी ते. मांडी साधली. समोरचं तोंडही साधलं, कारण ते नेहमी माझ्याकडे तोंड करून बसलेले असत.

चैत्र आला. गौर झोपाळ्यात बसली, हळदीकुंकवाचा दिवस ठरला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘गोदे, गौरीमागची भिंत या वर्षी तू रंगव. पण ऐक, देवच काढायचे. यांना मी काहीतरी सांगेन.’’ मामंजी तेव्हा तीन दिवस मानपाड्याला शेताचे बांध दुरुस्त करून घ्यायला गेले होते. सासूबाईंनी त्यांच्या शब्दाबाहेर माझ्यासाठी टाकलेलं ते पहिलंच पाऊल, हे मला तेव्हाही कळत होतं. माजघराची ती अख्खी भिंत, कावेने, म्हणजे गेरूने, सारवलेली, कोरी! दारामागे वीतभर जागेत काढणारी मी. तांदळाचं पीठ कालवलं, काजळी खलली, हळद, नीळ, पानांचा हिरवा रस, शिंदीच्या काडीचं टोक चेचून कुंचला केला आणि शंकर काढायला बसले.

शंकराची मांडी छान आली. फार छान आली. कारण ती मामंजींची होती. मांडीवर धड बसलं, धडावर तोंड बसलं, आणि मी मागे सरकून बघितलं तर चित्राहुती घालून झालेले मामंजी ताठ बसलेले. पुसायला हवं होतं. हातात ओलं फडकं होतं, खोटं कशाला सांगू. पण मनात आलं, आता याच्या पुढचं? आपोशन झालं, आता आळं करणार. आणि ते काढलं की त्याच्या पुढचं? एका चित्रात माणूस एकच गोष्ट करतो. पण शेजारी शेजारी काढत गेलं तर तो जेवून उठेल की! असलं काही मी कुठे बघितलेलं नव्हतं. मला वाटलं, हे जगात पहिल्यांदा मीच काढलंय. तेरा वर्षांच्या पोरीला काहीही वाटतं. तीन दुपारी खपून नऊ झाले. शेंडी पहिल्यात गाठीची, नवव्यात मोकळी. शेंगांचं कुंपण चौथ्यात दोन तुकड्यांचं, आठव्यात ताटाला वेढा. आणि मग मी एक घोटाळा केला. भिंत गौरीची, शोभेची, म्हणून मी प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं सोवळं नेसवलं. एकाला तांबडं, एकाला पिवळं, एकाला निळं, हिरवं, पांढरं, काळंसुद्धा. ठकूवन्सं माहेरी आल्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि त्या मटकन खालीच बसल्या. ‘‘वहिनी, बाबा!’’ ‘‘हळू बोला.’’ ‘‘अहो पण शेंगा! शेंगासुद्धा काढल्यात!’’ सासूबाई आंब्याची डाळ वाटण्यात आणि पन्ह्याच्या घागरीत बुडलेल्या; त्यांनी स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं, म्हणाल्या, ‘‘रंग झकास झालेत हो,’’ आणि परत आत गेल्या. मला वाटलं, गौरीच्या आरासीमागे निम्मं झाकलं जाईल, संध्याकाळी पुसून टाकू, मामंजी यायच्या आत.

बायका आल्या. अत्तर, गुलाबपाणी, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, कलिंगडाच्या फोडी, सगळं नेहमीसारखं. त्यात पलीकडच्या आळीच्या बयाकाकू आल्या. या काकू म्हणजे गावातल्या साऱ्या व्रतांच्या मुखत्यार. त्यांनी होय म्हटलं की ती रीत. त्यांनी गौरीला कुंकू लावलं, मग मान वर करून भिंत बघितली, ओठांत मोजलं आणि हात जोडले. ‘‘अगबाई, नवग्रह! प्रत्येकाचा रंग वेगळा, पुढ्यात नैवेद्याचं ताट. कुणी काढले गं?’’ आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी पाटावर चढून पहिल्या मामंजींच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, दुसऱ्याला लावलं, तिसऱ्याला लावलं. त्यांच्यामागे साऱ्या बायका रांगेने. ठकूवन्सं तोंडात पदराचा बोळा कोंबून कोठीच्या खोलीत पळाल्या. सासूबाई पन्हं घेऊन बाहेर आल्या, तेव्हा कुठे त्यांनी भिंत जवळून पाहिली. शेंगांपाशी त्यांची नजर थांबली. मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. हातातलं तबक त्यांनी जराही हलू दिलं नाही, हे मला आजही आठवतं.

बायका गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘‘आता पुसताही येणार नाही. कुंकू लागलंय. गौर जाईपर्यंत हे असंच राहणार.’’ गौर जाणार अक्षय्य तृतीयेला. तिला पंधरा दिवस होते. ‘‘यांचा पाट फिरवावा म्हटलं तर पूर्वेला तोंड करून जेवायचं व्रत, आणि पूर्वेला हीच भिंत. वर कापड टाकावं तर म्हणतील, देवांना का झाकलं.’’ मी रडायला लागले. ‘‘रडून काय होतंय? मीच सांगितलं होतं काढायला, तेच सांगेन मी.’’ आणि त्या भांडी आवरायला लागल्या. माझं पेटीतलं लुगडं, फणी आणि आईने दिलेली करंडी मी मनातल्या मनात बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामंजी आले ते खुशीत. वेशीपासून त्यांना तीन जणांनी गाठून सांगितलेलं, तुमच्या सुनेने नवग्रह काय सुरेख काढलेत. अंघोळ करून, सोवळं नेसून ते माजघरात आले आणि पाटावर बसण्याआधी भिंतीपुढे हात जोडून उभे राहिले. डोळे मिटून काहीतरी म्हटलं. मग एकेका ग्रहापुढे मान लववत चालले. पहिला. दुसरा. तिसऱ्यापाशी डोळे मिटून घास घेतलेला, तिथे ते जरा थबकले. चौथ्यापाशी जोडलेले हात हळूहळू सुटले. पुढचे पाच त्यांनी हात न जोडता बघितले, पण एकही सोडला नाही. मग परत पहिल्यापाशी आले आणि पुन्हा शेवटपर्यंत गेले. मी दाराआड. सासूबाई चुलीशी, पाठ ताठ.

ते पाटावर बसले. नेमकी त्या दिवशीही आमटीत शेंगा होत्या. सकाळपासून आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. त्यांनी एक तुकडा उचलला, भिंतीकडे बघितलं आणि परत ठेवला. ‘‘हे नवग्रह नव्हेत,’’ ते म्हणाले. ‘‘नऊ नाहीतच. एकच आहे.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘भिंत मी सांगितली होती रंगवायला. बोलायचं ते मला बोला.’’ मामंजींनी पुन्हा भिंतीकडे बघितलं. मग: ‘‘सहाव्यात पाणी पिताना दाखवलंय. मी जेवताना मध्ये पाणी पीत नाही.’’ एवढंच. जेवले आणि उठले.

मनू, त्या साऱ्या गावात ती भिंत बरोबर वाचलेला तो एकच माणूस. बयाकाकूंना नऊ दिसले, ठकूवन्संना सांगावं लागलं नाही पण त्यांनाही नुसते बाबा दिसले. एकच माणूस पुढे पुढे जातो आहे, हे फक्त ज्याचं चित्र त्याला दिसलं. वर चूकही काढली, आणि ती खरी होती. मधली जागा भरायला मी तो पाण्याचा तांब्या मनाने घातला होता. आज मला त्याचं फार अप्रूप वाटतं. तेव्हा वाटलं, चला, गाडी टळली.

टळली खरी. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भुरका आला नाही. मामंजी जेवले ते परक्या घरी जेवावं तसे. आळं केलं नाही. तूप एकदाच. शेंगा बाजूला. कढी द्रोणाने गिळली, आवाज न करता, आणि हात धुतले. तिसऱ्या दिवशी तेच. आठव्या दिवशीही तेच. समोर नऊ जण मजेत जेवतायत आणि हा दहावा मान खाली घालून. सासूबाईंना लाकडं कधी ओढावीत ते कळेना. दोनदा भात लागला. एका दुपारी त्या मला म्हणाल्या, रागाने नव्हे, जसं मीठ संपलं सांगावं तसं, ‘‘गोदे, यांना जेवण जात नाही. तू बघितलंस म्हणून. आता ते तूच निस्तर.’’

अक्षय्य तृतीयेला गौर गेली. सासूबाईंनी स्वतः भिंत सारवली. नऊ मामंजी कावेखाली गेले. मग कावेचं भांडं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, ‘‘ओली आहे तोवर बघ काय ते.’’ मी ठरवूनच ठेवलं होतं. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी कोठीच्या खोलीत ठेवलेली आंब्याची डाळ निम्मी कुणी खाल्ली, याचा घरात शोध लागला नव्हता. मांजरावर गेलं होतं. मी मला काढायला बसले. नऊ मी. आणि, बाई गं, तेच सगळ्यांत अवघड! दुसऱ्यांची नाकं ओळखणारी मी, माझं नाक मला ठाऊकच नव्हतं. आरसा एवढासा, त्यात एका वेळी एकतर डोळा दिसे नाहीतर हनुवटी. घंगाळातल्या पाण्यात बघितलं, भिंतीवरच्या सावलीत बघितलं. पहिली गोदा काढली तर ठकूवन्सं म्हणाल्या, ‘‘ही कोण ठाण्याची राणी? वहिनी, तुमचं नाक इतकं काही बरं नाहीये. आहे तसं काढा.’’ ‘‘मग कसं आहे?’’ ‘‘बटाट्याची फोड.’’ पुसलं, काढलं. पुसलं, काढलं. चौथ्या खेपेला त्या हसल्या, तेव्हा समजले की जमलं.

या वेळी लुगडं सगळीकडे एकाच रंगाचं. पहिल्यात गोदा दाराशी, कुणी बघतंय का. दुसऱ्यात झाकण उचललेलं. तिसऱ्यात एक बोट. चौथ्यात पाच बोटं. पाचव्यात बसलीच आहे, मांडी घालून, निवांत. सातव्यात पातेलं तोंडाला. आठव्यात मांजर दारात येऊन तिच्याकडे बघतंय. नवव्यात नाकावर मोहरीचे दोन दाणे, हात जोडलेले, आणि तोंडावर असा भाव की ही कधी या खोलीत आलीच नाही.

दुपारी मामंजी पाटावर बसले. वर बघितलं. पहिलीपासून सुरुवात केली, मान हळूहळू सरकत होती. मी दाराआड, हातात कढीचं भांडं. मांजराशी ते आले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. नवव्या गोदेपाशी शेंडीची गाठ सुटली. त्यांनी पंच्याने डोळे पुसले आणि जन्मात पहिल्यांदा सासूबाईंना मध्ये न घेता दाराकडे बघून म्हणाले, ‘‘सूनबाई, त्या नऊ जणींनी आमच्यासाठी डाळ काही ठेवलीय का?’’ मी कढी वाढली. सासूबाई चुलीशी लाकडाला हात लावून बसल्या होत्या. आणि मग तो भुरका आला. मागीलदारी गायीने मान वर केली असणार, ते काही मी बघितलं नाही. मी वाकून कढीचं भांडं खाली ठेवत होते आणि मला धड दिसत नव्हतं.

त्यानंतर चित्र काढ असं मला कुणी कधी म्हटलं नाही, नको असंही नाही. पुढच्या शनिवारी तुझ्या आजोबांनी ठाण्याहून एका बाजूने लिहिलेल्या कागदांचा गठ्ठा आणि एक शिसपेन्सिल आणून कोठीच्या खोलीच्या दारामागे ठेवली. त्यांना जागा कशी कळली, ते मी विचारलं नाही. मामंजींचं पुढे मी पुष्कळदा चित्र काढलं, पण प्रत्येक ओळीत कुठेतरी कोपऱ्यात ती बटाट्याच्या नाकाची पोरगी बसवल्याशिवाय नाही. ते आधी तिला शोधत.

आता हात कापतो. हसणाऱ्या तोंडांना ते बरंच आहे, रेघ आपोआप हलते. पण नवी ओळ अडून बसली आहे, आणि ती तुझी आहे. पहिल्यात तू पायऱ्यांवर. दुसऱ्यात उंबऱ्याशी, एक पाय आत. तिसऱ्यात पदर खोचतेस. चौथ्यात गाडीचं बोलतेस. पाचव्यात पाठ फिरवून निघालीस, नुसता अंबाडा. खाली बसलेली मनू मी बघितलेलीच नाही, तर काढू कशी? मनाने घातलं तर तो पाण्याचा तांब्या होईल. तेव्हा कैऱ्या आहेत तोवर ये. डाळ करून ठेवते. पाट मांडलेला आहे, पेन्सिल टोक करून ठेवली आहे, आणि कोपऱ्यात बटाट्याचं नाक आधीच काढून झालंय. ये, आणि मांडी घालून बस.